तीन थॉमसांपैकी आपला कोणता?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला काय समजले ते तुम्हाला कळेल. तुम्ही मेलबर्नमध्ये राहता, बायको टास्मानियाच्या जुन्या घराण्यातली. आजेसासूबाई सांगायच्या की त्यांचा मूळपुरुष थॉमस १८३६ साली स्वतःच्या पैशाने इंग्लंडहून आला, सरकारने त्याला लॉन्सेस्टनच्या बाजूला जमीन दिली, आणि तो 'पायोनियर' होता. १८४३ साली लॉन्सेस्टनच्या सेंट जॉन चर्चमध्ये त्याचे लग्न लागले, त्याचा कागद घरात आहे. लेकीला शाळेसाठी वंशवृक्ष करायचा म्हणून तुम्ही शोधायला बसलात, तर त्याच नावा-आडनावाचे तीन थॉमस निघाले आणि त्यातले दोघे कैदी, म्हणजे ब्रिटनने शिक्षा म्हणून जहाजात घालून इथे पाठवलेले. हे ऐकल्यापासून मावससासूबाई फोन उचलत नाहीत. तुम्हाला विचारायचे आहे ते एवढेच: आमचा थॉमस कैदी होता की नव्हता, हे खात्रीने कसे कळेल?

मी बावीस वर्षे होबार्टमध्ये हेच काम करते. लोकांचे पूर्वज जुन्या दप्तरांतून शोधून द्यायचे. मूळची साताऱ्याची. वडिलांनी लहानपणी मोडी वाचायला शिकवली होती, त्यामुळे इथे आल्यावर १८३० सालच्या इंग्रज कारकुनाच्या अक्षराला मी घाबरले नाही. तेवढेच माझे भांडवल होते.

'कैदी होता की नव्हता' हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. त्याचे उत्तर शेवटी बहुधा आपोआप मिळते. आधी सोडवायचे ते हे, की १८४३ साली त्या चर्चमध्ये उभा असलेला नवरदेव या तिघांपैकी कोण, की चौथाच कुणी? तुम्ही चौकशी त्या तिघांच्या बाजूने सुरू केली आहे. ती नवरदेवाच्या बाजूने करायला हवी. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे निकाल देणार नाही. थॉमस वारला कुठे, त्याची शिक्षा (झाली असेल तर) किती वर्षांची, त्याची मुले कुठे पांगली, यावर पुष्कळ अवलंबून आहे. पण वाट दाखवता येईल.

घरातल्या कथेत एक ठिगळ आहे, ते आधी दाखवते. १८३१ पर्यंत या बेटावर, तेव्हाच्या व्हॅन डीमेन्स लँडमध्ये, सोबत भांडवल घेऊन येणाऱ्याला त्या भांडवलाच्या प्रमाणात जमीन फुकट मिळे. १८३१ साली ते बंद झाले आणि सरकारी जमीन लिलावात जाऊ लागली, एकरी किमान पाच शिलिंग दराने. म्हणजे १८३६ साली उतरलेल्या माणसाला सरकारने जमीन 'दिली', हे जुळत नाही. त्याने ती विकत घेतली असेल, खंडाने केली असेल, किंवा तो बराच आधी आला असेल. कथा सगळी खोटी असेल असे मी म्हणत नाही. माझा अनुभव असा की घरातल्या कथेत जागा बहुधा खरी असते, साल थोडे इकडेतिकडे असते, आणि क्रियापद मात्र साफ बदललेले असते. 'घेतली'चे 'दिली' होते, 'पाठवला'चे 'आला' होतो.

दुसरे, साधा हिशोब. १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत ब्रिटनने सुमारे १,६२,००० कैदी ऑस्ट्रेलियात पाठवले. त्यातले ७५,००० च्या आसपास या एका बेटावर उतरले, तेही १८५३ च्या आत. १८४० च्या दशकात इथल्या प्रौढ पुरुषांत कैदी आणि सुटलेले कैदी मिळून बहुसंख्य होते. तेव्हा लॉन्सेस्टनच्या रस्त्यावर दगड मारला असता तर तो कैद्याला लागण्याचीच शक्यता जास्त. याने थॉमसबद्दल काही सिद्ध होत नाही, पण 'आमच्यात तसले कुणी नव्हते' हे गृहीत धरून सुरुवात करू नका.

आता कामाकडे. या धंद्यात नावाला फारशी किंमत नाही, जहाजाला आहे. आपल्याकडे गावात चार शंकर असले की 'वरच्या आळीतला शंकर', 'विहिरीवरचा शंकर' असे ओळखतात, तसे इथले कारकून माणसाला जहाजावरून ओळखत. तिकीट (म्हणजे शिक्षा संपण्याआधी स्वतःसाठी काम करण्याची सशर्त मोकळीक), माफी, लग्नाची परवानगी, चाबकाची शिक्षा, सगळ्या कागदांवर नावापुढे जहाज. पण नुसते जहाजही पुरत नाही. 'सरी' नावाच्या जहाजाने १८१४ ते १८४२ च्या दरम्यान कैद्यांच्या अनेक फेऱ्या केल्या. म्हणून नाव, जहाज आणि फेरीचे साल, ही तीन मिळून एक माणूस. तुमच्या तिघांपुढे आजच ही तीन गोष्टी लिहा. एकही रिकामी असेल तर तो अजून माणूस झालेला नाही, नुसते नाव आहे.

मग नवरदेवाकडून मागे चालायचे. पहिला थांबा मृत्यूची नोंद. या बेटावर जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंदणी १८३८ च्या डिसेंबरात सुरू झाली, ऑस्ट्रेलियात सर्वांत आधी. पण इथला मृत्यूचा दाखला भारी कंजूष. नाव, वय, धंदा, कारण, खबर देणाऱ्याची सही, संपले. आई-बापांचे नाव नाही. त्या काळातल्या लग्नाच्या नोंदीतही नाही. याउलट व्हिक्टोरियात नोंदणी उशिरा, जुलै १८५३ मध्ये सुरू झाली, पण ती करणाऱ्यांनी हात सैल सोडला. मृत्यूच्या दाखल्यात आई-बापांची नावे, जन्मगाव, लग्न कुठे कितव्या वर्षी झाले, मुलांची नावे, आणि सगळ्यांत मोलाचे म्हणजे 'वसाहतीत किती वर्षे'. तिथे कधी कधी 'टास्मानियात अठरा, व्हिक्टोरियात एकतीस' असे लिहिलेले सापडते. एवढ्यावरून येण्याचे साल निघते.

म्हणून थॉमस टास्मानियात वारला असला तरी हार मानू नका. १८५१ ला सोने सापडले आणि बेटावरचे पुष्कळ तरुण व्हिक्टोरियातल्या बॅलरॅट-बेंडिगोच्या खाणींकडे गेले. त्याचा भाऊ, बहीण, एखादा मुलगा तिकडे वारला असेल तर त्याचा दाखला मागवा. पैसे फक्त तिथे खर्च करा. टास्मानियातल्या एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक नोंदी लायब्ररीज टास्मानियाच्या नामसूचीत मूळ पानाच्या फोटोसकट फुकट बघायला मिळतात. लोक त्याच नोंदी इतर संकेतस्थळांवर वर्गणी भरून बघतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

दाखला हातात आला की खबर देणारा कोण ते आधी बघा. मुलाने दिलेले बापाचे जन्मगाव आणि दवाखान्याच्या रखवालदाराने दिलेले जन्मगाव यांना सारखे वजन नसते. मुलाने दिलेले अधिक खरे असेल असेही नाही, कारण मुलाला बापाने जे सांगितले तेच ठाऊक.

दुसरा थांबा लग्न. १८४३ चे लग्न हा तुमच्या हातातला हुकमाचा पत्ता आहे. कैद्याला लग्न करायचे तर गव्हर्नरची परवानगी लागे, आणि त्या परवानग्यांची पुस्तके शिल्लक आहेत. त्यांत नवरा-नवरी दोघांची नावे आणि कैदी असलेल्याचे जहाज असते. तुमच्या जोडप्याची नोंद तिथे असेल तर दोघांपैकी एक तरी कैदी, हे ठरले. पण नसेल तर? इथे बहुतेक जण घसरतात. समजा थॉमसला सात वर्षांची शिक्षा १८३५ साली झाली. १८४२ साली ती संपली, तो मोकळा झाला. १८४३ साली त्याला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. म्हणजे परवानगी नसणे याचा अर्थ 'कधीच कैदी नव्हता' असा होत नाही. चौदा वर्षांची किंवा जन्माची शिक्षा असती आणि मधे माफी मिळालेली नसती, तर मात्र परवानगी हवीच होती. तुमच्या दोघा कैद्यांच्या शिक्षा किती, ते म्हणून बघायचे.

त्याच लग्नाच्या पानावर आणखी दोन गोष्टी बघा. सही आहे की फुली? आणि साक्षीदार कोण? फुली मारणारा नवरदेव आणि 'लिहिता-वाचता येते' असा शेरा असलेला कैदी एक असण्याची शक्यता कमी. साक्षीदार तर सोन्यासारखे. हजारो मैल दूर आलेल्या माणसाला नातेवाईक नसतात, त्याचे जहाजभाऊ असतात. साक्षीदाराचे नाव कैद्यांच्या सूचीत टाकून त्याचे जहाज बघा. दोन वेळा मला नवरदेवाचे जहाज असे साक्षीदाराच्या पाठीवरून मिळाले आहे.

तिसरा थांबा फार थोड्यांना माहीत असतो. १८४० च्या दशकातल्या इथल्या खानेसुमारीचे काही जिल्ह्यांचे फॉर्म शिल्लक आहेत. त्यांत फक्त घरमालकाचे नाव असते, बाकी माणसांचे नुसते आकडे, पण ते आकडे रकान्यांत मांडलेले: वसाहतीत जन्मलेले, स्वतंत्र आलेले, 'इतर स्वतंत्र व्यक्ती', आणि मग तिकीटवाले, सरकारी कामावरचे व खासगी मालकाकडे नेमलेले कैदी. 'इतर स्वतंत्र व्यक्ती' हा शब्द किती सभ्य आहे बघा. जन्माने स्वतंत्र नाही, स्वतंत्र म्हणून आलेलाही नाही, तरी आज स्वतंत्र आहे, असा माणूस कोण? शिक्षा भोगून सुटलेला. थॉमसच्या घराचा फॉर्म सापडला आणि वयस्क पुरुषाचा आकडा त्या रकान्यात पडलेला दिसला, तर मावससासूबाईंशी कसे बोलायचे याचा विचार सुरू करा.

यानंतर, आणि यानंतरच, कैद्यांच्या नोंदवह्या उघडा. १८३६ च्या सुमारास आलेल्या पुरुषाची वर्तणुकीची नोंद 'कॉन ३१' या मालिकेत ('कॉन' ही कैदी खात्याच्या दप्तराची खूण) आणि अंगलक्षणांची 'कॉन १८' मध्ये असते. १८४० नंतर आलेल्यांसाठी 'कॉन ३३', त्यात लक्षणे त्याच पानावर. पहिल्यांदा पान बघाल तेव्हा ते मुंग्यांचे वारूळ वाटेल, म्हणून ते कसे वाचायचे ते सांगते. सर्वांत वर नाव, जहाज, येण्याची तारीख, खटला कुठे नि कधी, शिक्षा किती. त्याखाली दाट अक्षरात: कशासाठी पाठवला, तुरुंगाचा अहवाल, टेम्स किंवा पोर्ट्समथच्या तरंगत्या तुरुंगाचा अहवाल, आणि मग कैद्याचे स्वतःचे म्हणणे. हे म्हणणे जपून वाचा. इंग्लंडच्या कोर्टात 'मी निर्दोष' म्हणणारा माणूस इथे बंदरावर उतरल्यावर कारकुनापुढे सगळे कबूल करतो: मेंढी चोरली, त्याआधी कोंबड्या, तेव्हा तीन महिने. वर 'अविवाहित' किंवा 'बायको आणि दोन मुले अमुक गावी'. जन्मगाव नि बायकोचे नाव मिळण्याची हीच जागा. शल्यवैद्याचा प्रवासातला शेरा एका शब्दाचा: 'चांगला', 'आळशी'.

त्याखाली वर्षानुवर्षांचे गुन्हे. दारू पिऊन पडला, पाच शिलिंग दंड. हजेरीला नव्हता, तीन दिवस एकांतकोठडी, भाकर-पाणी. मालकाशी उद्धट बोलला, पंचवीस फटके. प्रत्येक ओळीत मालकाचे नाव आणि न्यायाधीशाची आद्याक्षरे असतात, ती मी आधी बघते. कारण त्यांवरून माणूस त्या वर्षी बेटाच्या कुठल्या भागात होता ते कळते. तुमचा थॉमस १८४३ साली लॉन्सेस्टनला बोहल्यावर चढला. ज्या कैद्याची १८४२-४३ ची नोंद दक्षिणेत होबार्टच्या न्यायाधीशाच्या हातची आहे, तो दूर ठेवा. ज्याची नोंद लॉन्सेस्टनच्या आसपासची आहे, तो जवळ घ्या. शेवटी कडेला 'टी.एल.', 'सी.पी.' अशी अक्षरे, म्हणजे तिकीट ऑफ लीव्ह आणि सशर्त माफी, किंवा सुटकेचा दाखला मिळाल्याची तारीख.

अंगलक्षणांत गोंदणाकडे लक्ष द्या. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला जहाजाचा नांगर, दोन नावांची आद्याक्षरे, सूर्य-चंद्र. आद्याक्षरे बहुधा आईबापांची, भावंडांची किंवा मागे राहिलेल्या बाईची. पुढे मुलांची नावे त्यांच्याशी जुळली तर तो पुरावा नाही, पण मनाला धीर देणारी खूण आहे.

आता माझ्याकडून झालेली चूक, कारण तुम्ही नेमके तिथेच उभे आहात. कामाचे दुसरे वर्ष. ब्रिस्बेनच्या एका कुटुंबाचा विल्यम शोधत होते. नाव जुळले, वय दोन वर्षांच्या फरकाने जुळले, इंग्लंडातला परगणाही जुळला. मी चाळीस पानी अहवाल लिहिला, त्यांनी तो बांधून घेतला, विल्यमच्या नोंदीची प्रत चौकटीत लावली. दीड वर्षाने दुसऱ्याच कामासाठी पोर्ट आर्थर या कैद्यांच्या ठाण्यातल्या दफनांच्या नोंदी चाळताना तोच विल्यम, तेच जहाज, १८४१ साली मेलेला दिसला. त्यांच्या विल्यमने १८४७ साली मुलाच्या बाप्तिस्म्याला हजेरी लावली होती. मी पैसे परत केले, पण भिंतीवरची चौकट काढायला सांगणे जास्त जड गेले.

तेव्हापासून माझा एक नियम आहे: आपला माणूस शोधायचा तर बाकीच्यांना पुरेपर्यंत त्यांचा पाठलाग करायचा. तुमच्या तिघांपैकी प्रत्येकाला त्याच्या थडग्यापर्यंत, किंवा बेट सोडल्याच्या नोंदीपर्यंत, न्या. एक १८३९ ला वारला, दुसरा १८५० ला अमुक जहाजाने गेला, तेव्हा उरलेला बहुधा आपला. जुळणाऱ्या खुणा गोळा करणे सोपे असते, प्रत्येक थॉमसमध्ये दोन-चार सापडतातच. न जुळणारी एक खूण सापडली की काम पुढे सरकते.

'स्वतंत्र आला' असे एखाद्या कागदावर स्पष्ट लिहिलेले असेल तर? तेही पारखून घ्या. न्यू साउथ वेल्समधली मेरी रेबी ही श्रीमंत व्यापारी बाई आज ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर आहे. लहानपणी मुलाच्या वेशात घोडा चोरताना सापडली, सात वर्षांची शिक्षा होऊन १७९२ साली सिडनीला उतरली. पुढे १८२० च्या सुमारास मुलींना घेऊन इंग्लंडला जाऊन आली. आणि १८२८ च्या खानेसुमारीत तिने लिहवले: '१८२१ साली स्वतंत्र आले'. अक्षरशः खोटे नव्हते, त्या खेपेला ती स्वतंत्रच आली होती! तुमच्या बाजूला खोटे बोलायला आणखी सबळ कारण होते. १८५२ साली व्हिक्टोरियाने कायदा करून, पूर्ण सुटका न झालेल्या कैद्यांना बेटावरून तिकडे यायला बंदी केली. समुद्र ओलांडताना अनेकांनी नाव बदलले, जहाज बदलले, साल बदलले. पुढे तेच मुलांना सांगितले, आणि मुलांनी तेच प्रामाणिकपणे दाखल्यावर लिहवले.

इथवरचे थोडक्यात: नवरदेवापासून मागे चला, जहाज आणि साल मिळवा, परवानगी व खानेसुमारी बघा, मग कैद्याचे पान उघडा आणि उरलेल्या दोघांना पुरून या.

एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही: त्या लग्नातली नवरी. सगळे घर थॉमसच्या मागे लागले आहे आणि खापरपणजीबाईंचे नावसुद्धा तुम्ही लिहिलेले नाही. सगळ्या वसाहतींत मिळून सुमारे २५,००० बायका कैदी म्हणून आल्या. लग्नाने त्यांचे आडनाव बदलले की त्या कागदांतून नाहीशा होतात, म्हणून घराच्या आठवणीतूनही आधी त्याच पुसल्या जातात. परवानगीच्या पुस्तकात थॉमस 'स्वतंत्र' आणि नवरीपुढे जहाजाचे नाव, हे मी किती वेळा पाहिले आहे याची गणती नाही. तिचे लग्नाआधीचे आडनाव घेऊन 'कॉन ४०' आणि 'कॉन ४१' या बायकांच्या मालिका बघा. ती होबार्टच्या कॅस्केड्स फीमेल फॅक्टरीत (कैदी बायकांना ठेवून काम करवून घेण्याच्या तुरुंगात) किंवा लॉन्सेस्टनच्या फॅक्टरीत राहिलेली असू शकते, आणि लग्नाआधीचे एखादे मूल न्यू टाउनच्या अनाथालयाच्या वहीत असू शकते. असे मूल सापडले तर ते लेकीच्या वंशवृक्षात घाला. तेही त्या झाडाचेच पान.

तिसरा थॉमस, म्हणजे तुम्हाला सापडलेला स्वतंत्र माणूस, याच्याबद्दल एक सावधगिरी. स्वतंत्र आलेल्यांच्या नोंदी कैद्यांपेक्षा कितीतरी गरीब असतात. कैदी सरकारची मालमत्ता होता, म्हणून त्याच्या नाकाचा आकारही लिहिला. पैसे भरून आलेल्याची सरकारला काय पडली होती! वर्तमानपत्रात केबिनमधल्या प्रवाशांची नावे येत, खालच्या वर्गातल्यांची नुसती 'आणि चौदा इतर'. सरकारी मदतीने आलेल्यांच्या याद्या बऱ्या असतात. म्हणून थॉमस प्रवाशांच्या यादीत नाही, यावरून काही ठरत नाही. १८०३ पासूनची वर्तमानपत्रे राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह'वर फुकट शोधता येतात. तिथे मृत्युलेखातले 'जुने वसाहतवाले' या शब्दांवर भिस्त ठेवू नका. ते वयाबद्दल सांगतात, येण्याच्या कारणाबद्दल काही सांगत नाहीत.

माग बेटाबाहेर गेला तर नियम बदलतात. न्यू साउथ वेल्समध्ये १८४० पर्यंत कैदी आले, तिथे कैद्यांच्या आगमनयाद्या, १८२८ ची खानेसुमारी आणि सुटकेचे दाखले हे मुख्य आधार, आणि सरकारी दप्तर सिडनीच्या पश्चिमेला किंग्जवूडला. नंतरच्या खानेसुमारीवर आशा ठेवू नका. १८८१ चे कागद १८८२ च्या सप्टेंबरात सिडनीतल्या गार्डन पॅलेस या इमारतीच्या आगीत गेले. पश्चिम ऑस्ट्रेलियात १८५० ते १८६८ एवढाच काळ. थॉमस आयरिश निघाला तर डब्लिनचे दप्तर १९२२ च्या आगीत बरेचसे नष्ट झाले आहे, पण तिथल्या हद्दपारीच्या नोंदींच्या प्रती आयर्लंडने १९८८ साली ऑस्ट्रेलियाला भेट दिल्या, त्या वापरा. लंडनचा खटला असेल तर तिथल्या ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयाचे छापील वृत्तांत ऑनलाइन आहेत. डीएनए चाचणी तिघांतून एक निवडायला उपयोगी पडू शकते, पण त्या तिघांच्या दुसऱ्या वंशजांनी चाचणी केलेली असेल तरच. सध्या त्यावर खर्च करू नका.

जाता जाता एक आपल्या बाजूची गंमत. काही कैदी भारतातून आलेले ब्रिटिश सैनिक होते, लष्करी न्यायालयाने शिक्षा दिलेले. एकदा अशाच एका पानावर खटल्याचे ठिकाण 'पूना' वाचले आणि माझा हात माऊसवरच राहिला. अशा सैनिकाच्या बायकामुलांच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या चर्चवह्यांत मिळतात: खडकी-पुण्याच्या मुंबई इलाख्यात. कामठीच्या मात्र मद्रास इलाख्यात शोधा, कारण तिथली पलटण मद्रासची. नागपूरजवळचे गाव म्हणून मुंबईत शोधत बसलेले लोक मी पाहिले आहेत.

राहिल्या मावससासूबाई. आपल्या मराठी कानाला 'काळे पाणी' म्हटले की अंदमान आणि क्रांतिकारक आठवतात, त्यामुळे इथल्या लोकांची लाज आपल्याला नीट कळत नाही. इथे आलेल्यांत १८३४ चे, मजुरांची संघटना केली म्हणून हद्दपार झालेले टॉलपडलचे शेतमजूर किंवा आयरिश बंडखोर असे थोडेच. बाकीचे रुमाल, मेंढ्या, कापडाचे तागे चोरणारे, आणि अनेकांच्या नावावर आधीच्या शिक्षाही. कैदी हा पिढ्यान्‌पिढ्या डाग होता. आजेसासूबाईंनी जे सांगितले ते बहुधा त्यांनाही तसेच सांगितले गेले होते. त्यांना खोटारडे ठरवू नका.

मला स्वतःला 'कैदी'पेक्षा 'पायोनियर' हा शब्द जास्त खटकतो. लॉन्सेस्टनच्या बाजूची जी जमीन कुणी दिली, विकली, खंडाने घेतली, ती आधी रिकामी नव्हती. १८२८ च्या नोव्हेंबरात गव्हर्नर आर्थरने इथे मार्शल लॉ पुकारला, १८३० साली माणसांची रांग करून मूळच्या लोकांना हाकलायची मोहीम काढली. थॉमस १८३६ ला आला असेल तर ती जमीन 'मोकळी' होऊन पाच-सहा वर्षेच झाली होती. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला हे समजते, आणि शाळाही हल्ली विचारतात. वंशवृक्षाशेजारी त्या भागाच्या मूळच्या लोकांचे नाव लिहायला तिला सांगा, ते तीच शोधून काढील.

आता या आठवड्यात काय करायचे ते. लायब्ररीज टास्मानियाच्या नामसूचीत लग्नाच्या परवानग्यांमध्ये नवरीच्या आडनावाने शोधा. थॉमसच्या नावाने नको, तिघांची सरमिसळ होईल. अर्ध्या तासाचे काम आहे. आणि मावससासूबाईंना फोन लागला की थॉमसचा विषय काढू नका. घरचे जुने बायबल कुणाकडे आहे तेवढे विचारा. त्याच्या पहिल्या पानांवर जन्म-मृत्यू लिहिलेले असतील. त्यांचे फोटो घ्या, पण कडा कापू नका. खोडलेले नाव असले तर ते बहुतेक कडेलाच असते, आणि तिरप्या उजेडात धरले की वाचता येते.